ज्याने आवळला, त्याचा ठिपका

ढबूची दुपारची झोप चाळीस मिनिटांची. कधी चुकून पन्नासवर गेली तर आईला लॉटरी लागल्यासारखं वाटायचं आणि त्या आनंदात ती उरलेली दहा मिनिटं नुसतं घड्याळाकडे बघण्यात घालवायची.

चाळीस मिनिटांत काय होतं? एका चाकाचा ब्रेक उघडून साफ होतो, पण परत बसत नाही. कार्बोरेटर सुटतो, पण त्यातले बारके स्क्रू चहाच्या बशीत तसेच राहतात आणि संध्याकाळी नवरा त्याच बशीत चहा ओतायला जातो. नट बसवावा, पान्यात धरावा, एक फेरा, दोन फेरे, आणि नेमका शेवटचा आवळ द्यायच्या वेळी आतून ढबूचा भोंगा वाजावा. मग पाना तिथेच टाकून, ग्रीसचे हात फडक्याला पुसत पळायचं. परत यायला कधी तास लागे, कधी उद्याचा दिवस उजाडे. आल्यावर डोक्यात एकच भुंगा: हा आवळला होता का? की नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता?

म्हणून ठिपक्यांचा कायदा आला. ज्याने बोल्ट शेवटचा आवळला, त्याने त्याच्या डोक्यावर ठिपका लावायचा. ठिपका दिसला की तो बोल्ट झाला, त्याच्याकडे परत बघायचं नाही. ठिपक्याला तिनं आपली लाल नेलपॉलिशची बाटली काढली. लग्नात कुणीतरी दिलेली, उघडलीही नव्हती. नर्सच्या नखांना रंग चालत नाही आणि नंतर ढबू आली, ती आईची बोटं दिवसभर तोंडातच घालून बसायची.

"बरं झालं," नवरा म्हणाला, "घरात कुणाला तरी नटायला मिळालं."

गाडी होती सासऱ्यांची, अण्णांची. तिचा हॉर्न बदकासारखा वाजायचा म्हणून तिचं नावच बदक पडलेलं. घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बदक तीन वर्षं चाकांतली हवा जाऊन बसून होतं. तळ गंजलेला, सीटमध्ये उंदरांचा संसार. नवऱ्याचं म्हणणं होतं, भंगारात द्यावी आणि शेडमध्ये कपडे वाळत घालावेत. पण चार महिन्यांपूर्वी तिला कार्यालयातून पत्र आलं. ती घरोघर जाणारी नर्स. डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांत जाऊन बाळंतिणी तपासायच्या, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या. बाळंतपणाच्या रजेत तिची फेरी तात्पुरती दुसऱ्या नर्सकडे गेली होती. पत्रात लिहिलं होतं, फेरी परत हवी असेल तर अमुक सोमवारी सकाळी स्वतःची गाडी आणि ती रस्त्यावर चालवायला लायक असल्याचा दाखला घेऊन हजर व्हावे. नाहीतर जागा भरली जाईल.

तो सोमवार आता चार दिवसांवर आला होता. तपासणीची वेळ मिळाली होती शनिवारी सकाळी अकराची. शनिवारी नापास, तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

तिच्या पायांना तेव्हापासून थारा नव्हता. भाजी चिरता चिरता ती उठून शेडमध्ये जायची, एक नट बघून यायची, आणि भाजी कुठवर चिरली होती ते विसरायची. ढबूला पाजताना टाच जमिनीवर आपटत राहायची. ढबूला वाटे आई झोका देते आहे, ती खूश. घरात बसून बसून तिच्या अंगाला गंज चढला होता आणि तो कुठल्या पॉलिश पेपरनं जायचा नव्हता. वळणाचा रस्ता, उघडी काच, मागच्या सीटवर औषधांची पेटी खुळखुळते आहे, एवढंच तिला हवं होतं. ढबूवर जीव होता म्हणूनच हवं होतं. दुपारपर्यंत बाहेर राहिलेली आई संध्याकाळी जास्त चांगली असते, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ऐकायला घरात दहा महिन्यांचं एकच माणूस मोकळं असायचं.

अण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत. तीस वर्षं अँब्युलन्सच्या गॅरेजमध्ये मुख्य मेकॅनिक होते. दीड वर्षापूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधारानं परत आला, बोलणं पूर्ण परत आलं, उलट थोडं जास्तच आलं, असं नवरा म्हणे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या मोज्यासारखा राहिला. त्या हातात सुनेनं दिलेला रबरी चेंडू. दिवसभर तो दाबायचा.

"नर्सबाई, तो पाना उलटा धरलायस."

"सुलटाच आहे, अण्णा."

"मग तू उलटी झोपली असशील. गाडीखाली शिरलं की माणसाला डावं-उजवं कळत नाही. आमच्याकडे एकजण होता, त्यानं आख्खा सायलेन्सर उलटा बसवला. अँब्युलन्स धूर पुढे सोडत गेली."

"खोटं."

"पेशंट बरा झाला ना पण! खोकून खोकून उठून बसला."

अशी मजा चालायची. अण्णा सांगत आणि ती करी. गॅरेजमधून आणलेला एक लांब पाना त्यांच्याकडे होता. आकडा लावून ठेवला की बोल्ट हवा तेवढा आवळला गेल्यावर तो 'टक्क' वाजतो. अण्णांना त्याचा राग. "टक्क वाजणारा पाना आळशी माणसाला. मनगटाला कळलं पाहिजे." तरी ती जमेल तिथे तोच वापरी. तिच्या मनगटाला अजून काही कळत नव्हतं.

दर रविवारी ती अण्णांचा हात तपासायची. आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत द्यायची आणि म्हणायची, दाबा. अण्णा दात-ओठ खाऊन दाबत. कपाळावर घाम येई.

"कसा आहे?"

"सुधारतोय, अण्णा."

गेले आठ महिने ती हेच म्हणत होती. आणि गेले आठ महिने हात होता तिथेच होता. दूध पिताना ढबू तिची तीच दोन बोटं धरायची, ढबूची पकड त्यांच्यापेक्षा जास्त होती. हे तिला माहीत होतं. नर्स होती ती. पण "सुधारतोय" म्हटलं की अण्णा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खात. एवढ्याशा शब्दानं कुणाचं काय बिघडतं?

गुरुवारी दुपारी कळलं, काय बिघडतं ते.

ढबू नुकतीच झोपली होती, अण्णाही आत पडले होते. ती मागच्या चाकापाशी, गाडीखाली अर्धी शिरून पाट्यांना ग्रीस भरत होती. मागचं सगळं ओझं पेलणारे ते लोखंडी पाटे, एकावर एक रचलेले, आणि त्यांना अ‍ॅक्सलला बांधून ठेवणारे नट. चारही नटांवर लाल ठिपके होते. त्यातला एक जरा जाड वाटला. पसरट, कुणी अंगठ्यानं फासल्यासारखा. तिचे ठिपके बारीक असत. बाटली पुरवायची होती.

कायद्याप्रमाणे त्याच्याकडे बघायचं नव्हतं. पण हात शिवशिवत होते. तिनं सहज पाना लावला.

नट फिरला. अर्धा फेरा, लोण्यातून सुरी जावी तसा. मग कुठे टक्क वाजलं.

ती तशीच पाठीवर पडून राहिली. वरून गंजाचा एक कण डोळ्यात पडला तरी हलली नाही. मग एकदम उठायला गेली आणि कपाळ गाडीच्या तळावर आपटलं.

तिनं बॅटरी घेऊन चारही चाकांपाशी शोधलं. साठ-पासष्ट ठिपके असतील. त्यातले जाड, पसरट, डाव्या हातानं लावलेले ठिपके अकरा. ती भोंगा ऐकून आत पळायची, तेव्हा कुणीतरी दारातल्या खुर्चीवरून उठत असे. जॅकवर चढवलेल्या गाडीपाशी बुटकं स्टूल ओढत असे. काढलेल्या चाकाच्या जागेतून हात घालून तिनं अर्धवट टाकलेला नट, आठ महिन्यांत "सुधारलेल्या" हातानं, आवळत असे. जोर संपेपर्यंत आवळत असे. दमलेल्या हाताला सगळेच नट घट्ट वाटतात.

आणि मग कायद्याप्रमाणे ठिपका.

आतून ढबूचा भोंगा वाजला. आज फक्त एकवीस मिनिटं.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला. बिस्किटांचा कारखाना, त्यामुळे तो घरात शिरला की आधी वास शिरायचा. ती मोरीत बाटल्या घासत होती. नळ सोडून, दबक्या आवाजात तिनं त्याला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक ना सरळ."

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"मी? त्यांनी जन्मात कधी माझ्या हातात पाना दिला नाही. खिळा कुठला आणि स्क्रू कुठला, हे विचारलं म्हणून मला शेडमधून हाकललं होतं. मी आता त्यांना सांगू, अण्णा, तुमचे नट ढिले आहेत?"

"विनोद नकोय मला."

"विनोद नाही करत. मला भीती वाटते." त्यानं नळ आणखी सोडला. मग म्हणाला, "पण तूच ना दर रविवारी म्हणतेस, सुधारतोय म्हणून?"

तिनं बाटली इतक्या जोरात ठेवली की ढबू दचकून तिच्याकडे बघायला लागली. राग नवऱ्याचा आलाच नव्हता. त्यानं बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं होतं, एवढंच.

"उद्या तू दुपारी घरी थांब," ती म्हणाली. "ढबू उठली की तू घे. मी गुपचूप परत आवळते. त्यांना कळायला नको."

"आणि मग?"

"मग काय? मग शनिवार."

शुक्रवारी दुपारी आत अण्णांचं घोरणं आणि ढबूचं घोरणं एका तालात लागलं, तेव्हा ती शेडमध्ये शिरली. टक्क वाजणारा पाना घेतला. एकेक जाड ठिपका शोधायचा, पाना लावायचा. नट हलला की वरचा वाळलेला रंग तडकायचा आणि पापुद्रा निघायचा. कालचा धरून अकराही हलले. ती तो पापुद्रा पात्यानं खरवडून काढी, फुंकर मारी आणि नवा ठिपका लावी. प्रत्येक टक्कबरोबर तिला बरं वाटायचं आणि प्रत्येक खरवडीबरोबर वाईट. तीस वर्षं ज्या हातानं अँब्युलन्स रस्त्यावर ठेवल्या, त्या हाताचं काम ती दाराकडे लक्ष ठेवून पुसत होती. चोर तरी बरा, तो वस्तू नेतो.

नवव्या नटापाशी ढबू उठली. नवऱ्यानं तिला अंगणात फिरवलं, बदकाचा आवाज काढून दाखवला. तोवर अकरावा झाला.

हात धुताना तिनं स्वतःलाच विचारलं, आता तरी स्वस्थ बसशील का? ती उठून परत चाकांची हवा बघायला गेली.

शनिवारी सकाळी नऊलाच ती कपडे करून तयार होती. तपासणी केंद्र वीस मिनिटांवर. बदक दुसऱ्या चावीला सुरू झालं, थरथरलं, आणि चांगलं एका लयीत गुरगुरायला लागलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत बाहेर आले. "मी येणार," एवढंच म्हणाले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. प्रत्येक चाकापाशी वाकले, डावा हात आत घातला, चाचपला, काढला. बोटं शर्टाला पुसायची नाहीत एवढं भान ठेवून रुमालाला पुसली.

काल रात्री जेवताना त्यांनी दोन पोळ्या कमी खाल्ल्या होत्या.

ती स्टिअरिंगवर बसली, अण्णा शेजारी. नवरा ढबूला कडेवर घेऊन फाटक उघडून उभा होता. ढबूनं हात हलवला, म्हणजे नवऱ्यानं तिचा हात धरून हलवला. घड्याळात सव्वादहा. तिनं पट्टा ओढून लावला, मागे बघितलं, गिअर टाकला.

"थांब," अण्णा म्हणाले.

"काय राहिलं? पाकीट घेतलंय, कागद घेतलेत."

"इंजिन बंद कर."

"अण्णा, उशीर..."

"बंद कर म्हणतो ना!"

तिनं चावी फिरवली. एकदम इतकं शांत झालं की फाटकाची कडी वाजलेली ऐकू आली. अण्णा समोरच्या काचेतून बघत होते. उजव्या हातातला चेंडू डाव्या हातात घेतला, परत उजव्यात ठेवला.

"किती केलेस परत?"

"काय किती?"

"उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. माझा ठिपका जाड असतो. काल सगळे बारीक झाले. किती केलेस?"

तिनं चावीवरचा हात काढला. "अकरा."

अण्णांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी बारा लावले होते."

ती मनात परत मोजायला लागली.

"बारावा खाली नाही. आत आहे. तुझ्याच सीटच्या कडेला, गालिच्याखाली. तुझ्या पट्ट्याचा बोल्ट." त्यांनी काठीच्या टोकानं जागा दाखवली. "वेल्डरनं तळ जोडला, सीट बसवल्या, तेव्हा तू पट्टा अडकवून ठेवला होतास आणि आत पळालीस. म्हटलं, हा एक तरी मी करीन. बाकीचे बोल्ट गाडी सांभाळतात. हा तुला सांभाळणार. तो कुणावर सोडायचा नव्हता मला."

तिनं पट्टा सोडला, दार उघडलं, गुडघ्यांवर बसून गालिचा उचलला. खाली मोठा, गोल, निगुतीनं लावलेला ठिपका. सगळ्यांत सुंदर ठिपका तोच होता. तिनं मागच्या सीटवरचा टक्क वाजणारा पाना घेऊन लावला. बोल्ट फिरला. अर्धा फेरा, पाऊण, एक. जुन्या फेरीतलं, घाटातलं एक वळण आठवलं, जिथे ट्रक आडवा आला होता आणि पट्ट्यानं तिच्या खांद्यावर वळ उठला होता. वळच उठला होता, म्हणून ती आज इथे होती.

"थांब," अण्णा परत म्हणाले. ते गाडीतून उतरून, काठी टेकत, वळसा घालून तिच्या बाजूला आले होते. कसेबसे गाडीच्या पायरीवर टेकले आणि त्यांनी आपला डावा हात पान्यावरच्या तिच्या हातावर ठेवला. "आता आवळ. मला कळू दे."

दोघांनी ओढलं. टक्क.

"हं," अण्णा म्हणाले. "एवढं लागतं होय. विसरलोच होतो."

"अण्णा, माझं चुकलं. मी तुम्हाला..."

"चुकलंच तुझं. सुधारतोय, सुधारतोय म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस. पेशंटशी असं बोलतात? नर्स आहेस की मेहुणी?"

तिला रडू यायच्या जागी हसू आलं, आणि मग दोन्ही आलं. फाटकापाशी नवऱ्याला काही कळेना. "काय झालं? पंक्चर?" तो ओरडला.

"तू गप्प उभा राहा!" अण्णा ओरडले. "मुलीला सावलीत घे आधी."

तिनं खिशातून बाटली काढली. बाटली तळाला गेली होती आणि झाकण घट्ट बसलं होतं. अण्णांनी बाटली घेतली, डाव्या हातानं उजव्याच्या मुठीत बसवली. धरायला तो हात पुरेसा होता. तिनं झाकण फिरवून काढलं, कुंचला बुडवला आणि त्यांच्यापुढे केला.

"छे," ते म्हणाले. "ज्याने आवळला, त्याचा ठिपका. कायदा म्हणजे कायदा."

"दोघांनी आवळला."

"मग लाव की पटकन. साडेदहा झाले, कायदे काय करत बसलीस?"

तिनं जुन्या जाड ठिपक्याला हात लावला नाही. त्याच्या शेजारी, थोडी जागा सोडून, आपला बारीक ठिपका लावला.

तपासणी केंद्रात त्या दोघांच्या पुढे एक टेम्पो होता. ती उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. अण्णांनी काठीनं तिच्या बुटाला टोचून तिला बाकावर बसवलं. मग बदकाचा नंबर आला. तपासणारा माणूस सडपातळ, कानामागे पेन, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. त्यानं चाकं फिरत्या रुळांवर घेऊन ब्रेक दाबले. दिवे बघितले. खड्ड्यात उतरून हातोडीनं तळ ठोकला. प्रत्येक ठोक्याला ती मनात एक नट मोजत होती. शेवटी तो आत बसला आणि चालकाचा पट्टा धरून त्यानं सगळा भार टाकत हिसका दिला. एक. दोन. तीन.

पट्टा हलला नाही. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले.

"गाडीला नेलपॉलिश कुणी लावलं हे?" त्या माणसानं लिहिता लिहिता विचारलं.

"आम्ही दोघांनी," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली, अण्णांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर ती गाडीत बसून तो कागद दोनदा वाचत राहिली. परवा सोमवार. औषधांची पेटी माळ्यावरून काढायची, तिच्यातला माल बघायचा, नवऱ्याची पाळी बदलून घेतली आहे ती पक्की करायची. पाय परत क्लचवर नाचायला लागला.

"नर्सबाई," अण्णा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात तिच्यापुढे केला. चेंडू नव्हता त्यात. "आज रविवार नाही. तरी बघ. आणि या वेळी खरं सांग. रुपयातले किती आणे?"

तिनं आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. ते दाबत होते. कपाळावर शीर उभी राहिली. तिनं घाई केली नाही.

"चार," ती म्हणाली. "आणि अण्णा, बहुतेक चारच राहतील."

अण्णांनी उजवा हात परत मांडीवर ठेवला. एक सायकलवाला गेला. मग त्यांनी डावा हात पुढे केला.

"आणि हा?"

तिनं बोटं दिली. त्यांनी असं आवळलं की ती ओरडलीच.

"बारा. बारा पक्के!"

"मग सोळा झाले की," अण्णा म्हणाले. "चल आता. ढबू झोपली असेल, तेवढ्यात पोचू. कार्बोरेटरचा एक स्क्रू अजून बशीतच आहे, सकाळी बघितला मी."

तिनं दचकून त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत होते की नव्हते, ते कळेना. तिनं गाडी सुरू केली, एकदा कान देऊन ऐकलं, बदकाचा हॉर्न उगाचच वाजवला आणि घराच्या दिशेनं वळवली. ढबूच्या चाळीस मिनिटांतली पंधरा सरली होती.